हाफकिनची मोजदाद

1898 च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावात एक विचित्र गणती झाली. गाव जेमतेम हजार वस्तीचे. प्लेग आधीच आत शिरलेला. मुंबईहून आलेला एक रशियन शास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी गावकऱ्यांना कुटुंबवार उभे करीत आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्याच माणसांना लस टोचीत. बायका, पुरुष, मुले, दुबळे, दणकट अशी दोन्ही बाजूंना होईल तितकी सारखी वाटणी करायची, उरलेल्यांना तसेच ठेवायचे, नावे लिहून घ्यायची आणि परतायचे. सुमारे सहा आठवड्यांनी तीच मंडळी पुन्हा आली आणि घरोघर चौकशी केली. मधल्या काळात 28 कुटुंबांत प्लेगने माणूस धरला होता. या कुटुंबांतले 71 जण टोचलेले होते आणि 64 न टोचलेले. न टोचलेल्या 64 पैकी 27 जणांना प्लेग झाला आणि त्यांतले 26 दगावले. टोचलेल्या 71 पैकी आठ जणांना झाला, तिघे गेले.

एकच छप्पर, एकच चूल, उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा. या आकड्यांवर शंका घेणे अवघड होते, आणि ते मुद्दाम तसेच मिळवलेले होते. त्या 26 मृतांकडे आज पाहिले की अस्वस्थ व्हायला होते, कारण त्यांना लस चुकून राहिली नव्हती; ठरवून ठेवली गेली होती. पण लस गुण देते की अपाय करते याबद्दल त्या वेळी खुद्द सरकारी डॉक्टरांतच दोन तट होते. शंका फिटवायची तर कोणालातरी न टोचता ठेवावे लागणार होते, आणि गावकऱ्यांना या हिशेबातले किती समजावून दिले होते हा प्रश्न राहतोच.

हा शास्त्रज्ञ म्हणजे वाल्डेमार हाफकिन. परळच्या संस्थेमुळे मुंबईकरांच्या तोंडी त्याचे नाव आहे, बऱ्याचदा माणूस माहीत नसताना. लस टोचल्यावर शरीर रोगाला तोंड द्यायला शिकते ते कसे, यावर त्या काळात युरोपात हमरीतुमरी चालली होती. हाफकिन त्याच वादाच्या मुशीतून आलेला. पण भारतात आल्यावर त्याने तो वाद बाजूला ठेवला आणि साधा प्रश्न विचारला: टोचलेले किती जगले, न टोचलेले किती जगले? माझ्या मते त्याचे खरे मोठेपण त्याच्या लशीपेक्षा या प्रश्नात आहे.

त्याचा जन्म 1860 चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसाचा, ज्यू घरातला. ओडेसाच्या विद्यापीठात तो एली मेचनिकोव्हचा विद्यार्थी होता. मेचनिकोव्ह मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. 1882 मध्ये त्याने सिसिलीतल्या मेसिना इथे ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि शरीरातल्या फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. या पेशी परक्या वस्तूला वेढतात, गिळतात, पचवतात; शरीराचे रक्षण त्याच करतात, असा सिद्धांत त्याने मांडला. जर्मनांना तो पटला नाही. 1890 मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वात व घटसर्पाच्या विषावर उतारा रक्ताच्या द्रवातच तयार होतो हे दाखवले. 1894 मध्ये फायफरने लस दिलेल्या गिनीपिगच्या पोटात पटकीचे जंतू विरघळताना पाहिले. पेशी की द्रव, हे भांडण वीस-पंचवीस वर्षे चालले. दोघांचेही बरोबर होते हे आपल्याला आज माहीत आहे.

ओडेसातले हाफकिनचे दिवस शांत अभ्यासाचे नव्हते. 1881 मध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा तो संरक्षक तुकडीत होता. जखमी झाला, पकडला गेला, आणि मेचनिकोव्हच्या रदबदलीने सुटला. पुढे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झालास तर विद्यापीठात वर चढशील, असे सुचवण्यात आले. त्याने नकार दिला. काही वर्षे प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात सूक्ष्म जीवांवर काम करून तो 1888 मध्ये जिनिव्हाला गेला आणि 1889 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. मेचनिकोव्ह तिथे आधीच पोचला होता. रिकामी जागा होती ती ग्रंथालयात साहाय्यकाची. हाफकिनने ती घेतली, दिवसा पुस्तके सांभाळली, उरल्या वेळात जंतू वाढवले. वर्षभरात अलेक्सांद्र येर्सां नावाचा एक तरुण प्रयोगशाळेची नोकरी सोडून इंडोचायनाकडे निघून गेला आणि त्याची जागा हाफकिनला मिळाली. 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू ओळखणारा तो हाच येर्सां. ज्याच्या रिकाम्या टेबलावर हाफकिन बसला, त्यानेच शोधलेल्या जंतूशी पुढे हाफकिनला मुंबईत झुंजायचे होते.

पण आधी पटकी. 1885 मध्ये स्पेनच्या फेरानने पटकीचे जिवंत जंतू माणसांना टोचले होते, पण त्याची पद्धत मोघम निघाली आणि बदनामी झाली. हाफकिनने जंतूची ताकद हवी तशी कमीजास्त करण्याचा मार्ग काढला. गिनीपिगच्या पोटातून जंतू एकामागून एक प्राण्यांत नेत त्याने तो वीसपट जहाल केला. दुसरीकडे 39 अंश उष्णतेत, हवेच्या झोतात वाढवून तोच जंतू सौम्य केला. आधी सौम्य, काही दिवसांनी जहाल, अशी दोन टोचणी. 18 जुलै 1892 रोजी पहिली टोचणी त्याने स्वतःला घेतली. ताप आला, दंड दुखला, सहा दिवसांनी दुसरी घेतली. मग तीन रशियन मित्र. महिन्याअखेरीस पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे निवेदन. पाश्चरच्या घरातही या तरुणाचे कौतुक व्हायचे ते बेताचेच. तो डॉक्टर नव्हता, हे त्याला पुढे आयुष्यभर ऐकावे लागले.

पॅरिसमध्ये इंग्रजांचा वकील होता लॉर्ड डफरिन, पूर्वीचा भारताचा व्हाइसरॉय. त्याने सुचवले, पटकी बघायची तर भारतात जा. मार्च 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरला. पहिले वर्ष उत्तर भारतात, आग्र्यापासून पुढे, मुख्यतः लष्करी छावण्यांत गेले. सोयीचे होते, पण हिशेबाला निरुपयोगी, कारण पलटणी हलत, माणसे बदलत आणि टोचलेला शिपाई पुढे कुठे मेला याची नोंदच राहत नसे. मार्च 1894 मध्ये कलकत्त्याचा आरोग्य अधिकारी सिम्प्सन याने त्याला शहरातल्या बस्त्यांत बोलावले. तलावांभोवती दाटीने वसलेल्या झोपड्या, प्यायचे आणि धुवायचे पाणी एकच. चौधरी, घोष, चटर्जी, दत्त हे बंगाली डॉक्टर त्याच्याबरोबर असत. लोक बुजले की हाफकिन स्वतःचा दंड पुढे करी आणि सहकारी त्यालाच टोचीत. काटाल बागान या बस्तीत दोनशेक लोकांपैकी 116 जणांनी टोचून घेतले. पुढच्या दिवसांत तिथे पटकीचे आणखी दहाएक रोगी निघाले, ते सगळे न टोचलेल्यांतले. हाफकिनला आपली पद्धत इथे सापडली: एकाच जागी राहणारी, एकच पाणी पिणारी माणसे घ्या, त्यांतली काही टोचा, आणि वाट पाहा.

मलेरियाने खंगून तो 1895 मध्ये इंग्लंडला गेला, आणि 1896 च्या आरंभी परत आला. त्याच सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका रोग्याला तपासले. व्हिएगस मूळचे गोव्याचे, आरपोऱ्याचे. त्यांनी निदान केले: गाठीचा प्लेग. सरकारदरबारी प्रथम कोणी मानायला तयार नव्हते. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईला धाडले.

त्याला मिळाले काय? भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि बाहेरचा बोळ, एक कारकून, तीन शिपाई. शहर तर पळत सुटलेले. 1891 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यातली निम्म्याच्या जवळपास माणसे गावी निघून गेली होती. गिरण्या ओस पडल्या. ऑक्टोबरच्या शेवटी गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली, कारण आत नेलेला माणूस जिवंत बाहेर येत नाही, हा लोकांचा अनुभव होता आणि तो फारसा खोटाही नव्हता.

त्या बोळात हाफकिनने काय केले ते सांगण्यासारखे आहे. मटणाच्या रश्श्यात तो प्लेगचे जंतू वाढवू लागला. मटण बकऱ्याचे, कारण गाय किंवा डुक्कर वापरून हिंदू-मुसलमान दोघांनाही दुखवायचे नव्हते. जंतू वाढत, पण सावकाश आणि थोडे. मग त्याने रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तरंगत्या कवडीला जंतू चिकटले आणि तिथून खाली, गुहेच्या छतातून चुनखडीचे सुळे लोंबावेत तसे, धाग्यासारखे वाढत गेले. फ्लास्क हलवला की सुळे गळून तळाशी बसत आणि वर नवे धरत. काही आठवड्यांत रश्श्यात जंतूंचा दाट साका आणि त्यांनी सोडलेले विष, दोन्ही भरपूर मिळाले. हे दोन्ही त्याला हवे होते. त्याचा तर्क असा की जंतूच्या देहामुळे शरीर रोगाची लागण अडवायला शिकते, आणि विषामुळे लागण झालीच तर ती सोसायला. आजच्या माहितीप्रमाणे ही वाटणी इतकी सरळ नाही, पण त्यातून निघालेली कृती चालली. हे सगळे मिश्रण 65 ते 70 अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे.

पटकीची लस जिवंत होती, ही मेलेली. देवीची लस लोकांना ओळखीची होती, पण तीही जिवंत. तिच्यातला विषाणू दंडावर फोड आणून व्रण मागे ठेवी आणि टोचल्याचा तोच दाखला असे. प्लेगच्या टोचणीने एक-दोन दिवस ताप आणि दुखणारा दंड एवढेच हाती लागे. मेलेल्या जंतूंनी जिवंत प्रतिकार उभा राहतो, हे तेव्हा डॉक्टरांनाही पचायला जड होते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने ही लस स्वतःच्या अंगात घेतली. टोचली डॉ. सर्व्हेयर यांनी, मात्रा 10 घन सेंटिमीटर, पुढे लोकांना द्यायच्या मात्रेच्या तिप्पट-चौपट. जोराचा ताप आला, उतरला. मग कॉलेजातल्या काही अध्यापकांनी टोचून घेतले. महिना संपण्याआधी संधी चालून आली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत तिथल्या निम्म्याहून थोड्या कमी कैद्यांना, जे पुढे आले त्यांना, टोचण्यात आले. दोन्ही गटांचे जेवण, कामाचे तास, बराकी त्याच. पुढच्या आठवडाभरात न टोचलेल्यांत बारा जण आजारी पडले आणि सहा मेले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले. तुरुंगातला कैदी आपखुशीने पुढे येतो म्हणजे किती आपखुशीने, हा प्रश्न विचारायला हवा आणि त्या वेळच्या अहवालांत तो फारसा विचारलेला नाही. पण हाफकिन एका गोष्टीवर अडून बसला होता: टोचणी कोणावर लादायची नाही.

त्या वर्षीच्या वातावरणात हा हट्ट किती वेगळा होता ते पुण्याकडे पाहिले की समजते. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. घरांची झडती, सामान जाळणे, रोग्यांना ओढून नेणे, स्टेशनवर बायकांची तपासणी. 10 मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. 22 जूनच्या रात्री चाफेकरांनी पुण्याच्या प्लेग बंदोबस्ताचा अधिकारी रँड याला गोळी घातली. या धामधुमीत परळ-भायखळ्याकडचा एक परदेशी माणूस लोकांना दंड पुढे करा म्हणत होता, आणि लोकांना सरकारचा हात आणि त्याचा हात वेगळे वाटण्याचे काही कारण नव्हते. टोचून घेतलेल्याला दाखला मिळे आणि सेग्रिगेशन कॅम्पातून सूट मिळे. काहींनी लशीपेक्षा त्या कागदासाठीच बाही वर केली असेल. मजुराला तर दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली.

साथ दिली ती खोजा समाजाने. वीस वर्षांचेही न झालेल्या आगाखानांनी चारचौघांत स्वतः टोचून घेतले, आपल्या अनुयायांना टोचून घ्यायला सांगितले आणि माझगावचा खुश्रू लॉज हाफकिनच्या प्रयोगशाळेला दिला. पोर्तुगीज दमणमध्येही 1897 च्या साथीत टोचणी झाली. तिथले आकडे मोठे होते: टोचलेल्या 2197 पैकी 36 मेले, न टोचलेल्या 6033 पैकी 1482. पुढे हुबळीत हजारोंनी टोचून घेतले. तरीही दमणचे आकडे घरातल्या शेजाऱ्यांचे नव्हते. टोचून घेणारा वर्ग मुळातच अधिक सुस्थितीतला असू शकतो, ही शंका कोणी घेतली असती तर हाफकिनकडे उत्तर नव्हते. म्हणून उंढेरा.

10 ऑगस्ट 1899 रोजी गव्हर्नर सँडहर्स्टने परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात प्लेग रिसर्च लॅबोरेटरी उघडली. या वास्तूचा पटकीशी जुना संबंध होता. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथे पटकीने गेली आणि तेव्हापासून गव्हर्नर मलबार पॉइंटला राहू लागले होते. रिकाम्या पडलेल्या त्या दिवाणखान्यात आता फ्लास्कांच्या रांगा लागल्या.

वाद मात्र सुटला नव्हता. 1898-99 मध्ये सरकारने प्लेग कमिशन नेमले. त्यात ॲल्मरॉथ राइट होता. 1893 च्या सुरुवातीला हाफकिनने इंग्लंडमध्ये नेटलीला आपली पटकीची पद्धत दाखवली होती, आणि त्यातून स्फूर्ती घेऊन राइटने विषमज्वराची मेलेल्या जंतूंची लस केली होती. आता तोच राइट परीक्षक होता. लस गुणकारी आहे, द्यायला हवी, असे कमिशनने मान्य केले. पण तिच्या मात्रेला नेमके माप नाही, रश्श्याचा गढूळपणा पाहून ताकद ठरवणे अशास्त्रीय आहे, असा ठपका ठेवला. राइटचा विश्वास रक्तावर होता. टोचल्यानंतर रक्तात काय बदल होतो ते नळीत मोजा, म्हणजे लस लागू पडली की नाही कळेल, असा त्याचा आग्रह होता. हाफकिनला नळीतल्या खुणेवर भरवसा नव्हता. नळीत जंतू एकमेकांना चिकटले म्हणून माणूस वाचेलच असे कुठे आहे? वाचला की नाही ते गावात जाऊन मोजा.

आज दोन्ही लागते. नवी लस आली की आधी रक्तातली प्रतिपिंडे मोजतात, मग हजारो लोकांवर चाचणी घेतात. पण प्लेगच्या बाबतीत हाफकिनचे पारडे जड होते, कारण राइटच्या नळ्यांना तेव्हा प्लेगबद्दल भरवशाचे सांगता येण्यासारखे फार थोडे होते. मात्रेच्या मापाबद्दल मात्र राइटचेच खरे होते आणि हाफकिनने ते जास्त मनावर घ्यायला हवे होते.

घात झाला तो भलतीकडूनच. 1902 च्या शरदात पंजाबने लस मोठ्या प्रमाणावर मागितली. परळला उत्पादन वाढवण्यासाठी कृती बदलावी लागली आणि त्यात कार्बोलिक ॲसिड गाळले गेले. उष्णता पुरेशी आहे असा हाफकिनचा हिशेब होता. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मुलकोवाल नावाच्या पंजाबी गावात 107 लोकांना टोचण्यात आले. त्यातल्या 53-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून 19 जणांना. आठवडाभरात त्या 19 जणांत धनुर्वाताची लक्षणे दिसली आणि सगळे मेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्या एकालाही काही झाले नाही.

चौकशी समितीवर मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते आणि दोन लष्करी डॉक्टर होते. धनुर्वाताचे जंतू बाटलीत ती उघडण्याआधीच होते, असा समितीचा निष्कर्ष निघाला. म्हणजे दोष परळचा. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले आणि तो लंडनला गेला. त्याने कागदपत्रे मागवली, वाचली, पुन्हा वाचली. गावातल्या साक्षीत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकच्या पाण्यात विसळून वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीज मातीत असते. शिवाय जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते तर बाटली उघडताना दुर्गंध आला असता आणि तो उघडणाऱ्या डॉक्टरच्या लक्षात आला असता.

या वेळी हाफकिनला मोजदाद कामी आली नाही. 19 प्रेते एका बाजूला आणि एक चिमटा दुसऱ्या बाजूला, एवढाच हिशेब होता. डिसेंबर 1906 मध्ये सरकारने चौकशीचा अहवाल छापला तेव्हा मलेरियाचा वाहक शोधून नोबेल मिळवलेला रोनाल्ड रॉस त्याच्या बाजूने उभा राहिला. रॉसचा जन्मही भारतातला, अलमोड्याचा, आणि भारत सरकारच्या वैद्यकीय खात्याचा त्याला स्वतःचाही पुरेसा अनुभव होता. त्याने लेख लिहिले, आणि 29 जुलै 1907 रोजी 'टाइम्स'मध्ये नामवंत जंतुशास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र आले: हाफकिनवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा त्याच्या निर्दोषत्वाकडे झुकतो. त्याच वर्षी भारतात प्लेगने 13 लाखांहून अधिक माणसे मेली. रॉसचे म्हणणे कडवट होते, आणि मला ते रास्त वाटते: मुलकोवालची भीती पसरवून सरकारने लोकांच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन काढून घेतले होते. नोव्हेंबर 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. इंग्लंडातल्या काहींनी या प्रकरणाला छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले; ड्रेफस म्हणजे खोट्या आरोपात अडकवलेला फ्रेंच ज्यू लष्करी अधिकारी. एक ज्यू, एक परका, आणि डिग्रीने डॉक्टर नसलेला माणूस लष्करी डॉक्टरांच्या खात्यात वरच्या जागेवर बसला होता, हे विसरून हाफकिनच्या प्रकरणाकडे पाहता येत नाही.

परत आला तेव्हा परळची जागा गेलेली होती. त्याला कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले, पण माणसांवर लशींच्या चाचण्या घ्यायला वाव दिला नाही. ज्याने सारे आयुष्य माणसे मोजण्यात घालवले त्याला आता टेबलावरचे कामच उरले. 1915 मध्ये तो निवृत्त होऊन फ्रान्सला गेला. लग्न केले नव्हते. उतारवयात तो ज्यू धर्माच्या कडक आचाराकडे वळला आणि मागे ठेवलेली बहुतेक पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मपाठशाळांना दिली. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला तो वारला.

मधल्या काळात परळला काम थांबले नव्हते. उंदीर आणि पिसू प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमों याने 1898 मध्ये कराचीत दाखवले होते, आणि त्याची शहानिशा 1905 नंतर याच वास्तूत ग्लेन लिस्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली. 1897 ते 1925 या वर्षांत परळहून लशीच्या 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर गेल्या, आणि 1925 मध्ये संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव मिळाले. 1932 मध्ये साहेबसिंग सोखी तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि राइटने तेहतीस वर्षांपूर्वी मागितलेले माप, म्हणजे लशीची ताकद नेमकी मोजून ठरवण्याचे काम, त्यांच्या काळात पुढे गेले.

हाफकिनच्या लशीने प्लेग नाहीसा केला नाही. तिने माणसाला मिळणारे संरक्षण काही महिन्यांचे होते, फुप्फुसाच्या प्लेगपुढे ती तोकडी पडे, आणि पुढे प्रतिजैविके आल्यावर तिची गरजही सरली. पण नव्या लशीचा गुण सिद्ध करायचा तर टोचलेला आणि न टोचलेला एकाच छपराखाली शेजारी ठेवून पाहावा लागतो, ही गोष्ट भारतात त्याच्याइतक्या चिकाटीने त्याच्याआधी कोणी करून दाखवली नव्हती. उंढेऱ्याचा तो तक्ता आजच्या कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकाने नैतिकतेच्या कारणावरून परत केला असता. पुराव्याच्या कारणावरून मात्र नाही.